डाव्या बाजूची शिलाई

माह्यं माहेर कारंजाकडचं, बाप ढाब्यावर रोट्या भाजे, अन् दहावीनंतर मामीनं मले मशीनवर बसवलं, तवापासून मी ब्लाउजच शिवून राह्यली. लगन होऊन बोरगावले आली ते मशीन घेऊनच. काय सांगू तुम्हाले ताई, इथच्या अर्ध्या बायाइचं माप मले तोंडपाठ हाये. कोण वाळली, कोण सुटली, कोणाले दिवस गेले, टेप लावला का मले समजते, नवऱ्याच्या आधी समजते. पण कोणाचं कोणाले सांगत नव्हती, तोंडात टाचण्या असतेत ना.

मंग सात वर्षांनं मलेच दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात ब्लाउज डावीकडून काचाले लागलं, हाताले गाठ लागे, चिंचोक्याएवढी. सासू म्हणे दुधाची असंन, पहिलटकरणीले होते. अन् म्या काय केलं, ऐका, डाव्या बाजूची शिलाई उसवली अन् बोटभर ढिली केली. पुढच्या महिन्यात अजून उसवली. दुसऱ्या बाईचं असतं तं म्या म्हटलं असतं, बाई, एकाच बाजूनं काऊन वाढून राह्यलं, दाखवून ये. सोताले नाई म्हटलं. उसवाले काही उरलं नाई तवा दवाखान्यात गेली. डॉक्टरीनबाईनं सुई टाकून तपासलं अन् आठ दिवसांनं सांगतलं, कॅन्सर हाये. पाचवा महिना चालू होता.

आमचे हे ट्रक चालवतेत, तवा हैदराबादकडं गेलते. फोनवर म्हणे आधी लेकरू होऊ दे, मंग पाहू. सासू म्हणे सात वर्षांनं देवानं देल्लं, पोटुशी बाईनं कापाकापी नोको करू. डॉक्टरीन म्हणे ऑपरेशन आता करता येते, लेकरू पोटात राहू दे, पण थांबली तं लेकराले आई राह्यन का नाई, ते मले सांगता येत नाई. कोणाचं ऐकू? बाहेर बाकड्यावर बसली. साऱ्या पोटुश्या बाया, एकेकीसंगं कोणी ना कोणी, माह्यासंगं थैली. लय रडली. मंग उठली अन् सही केली.

ऑपरेशन झालं, मंग दवाई चढवली, केस गेले. सातव्या महिन्यात डोक्याले पदर बांधून ओटी भरून घेतली. अकरा ब्लाउजपीस आले, पण तू कशी हायेस असं एकीनं इचारलं नाई. चहा पेल्या अन् गेल्या. दोनचार गिऱ्हाइकं त्यानंतर आलीच नाई, माप घेतल्यानं रोग लागते म्हणत असतीन.

पोट्टी झाली. लहानशी, पण रडली अशी जोरात का नर्सबाई हासली. दवाई चालू होती म्हून अंगावर पाजाचं नव्हतं, वाटीचमच्यानं वाढवली. दूध उजवीकडं येये अन् मी ते फेकून देत होती, ते मले सगळ्यात कठीण गेलं.

मंग ब्लाउज शिवाचं होतं, ओटीतल्याच पीसचं. डावा हात वर होये ना. साऱ्या गावाचं माप घेतलं म्या, माह्यं घेणारी कोणी नाई. टेपचं टोक दातात धरून आरशापुढं उभी राह्यली. डावीकडं टेप सपाट पडला. तवाच पहिल्यांदा नीट पाह्यलं मले. आतून कापसाची गादी लावली, उरलेल्या पीसचे पोट्टीले झबले केले.

आता ते दीड वर्षाची हाये, मशीनखाली चिंध्या येचते. तपासाले जा लागते, पुढचं डॉक्टरीनलेही माहीत नाई. पण आता माप घेताना टाचण्या तोंडात ठेवत नाई. एकीकडं वाढलं दिसलं का बोलल्याशिवाय राहत नाई, बाई, उसवू नोको, दाखवून ये. कोणी चिडते, कोणी जाते. अन् दोन्हीकडं सारखं आलं का टेप गुंडाळता गुंडाळता मनात म्हणून घेणं होते, अशीच राह्यजो माय, सारखीच राह्यजो.