तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

...नाही, लॅपटॉप उघडू नकोस, मला काही दाखवू नकोस, सकाळी सगळ्यांसमोर दाखवलंस तेवढं पुरे झालं. बस. ओढ ती खुर्ची. उभं राहायचं ते बोर्डासमोर, रोज सकाळी, सगळ्या टीमनं — आणि उभं का राहायचं, माहितेय? पाय दुखले की माणूस आवरतं घेतो म्हणून. तू घेतलंस आवरतं? नाही घेतलंस. तीन साधे प्रश्न असतात — काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का. आणि तिसऱ्याचं उत्तर काय असतं? 'नाही' असतं. मी या टीमची स्क्रम मास्टर झाल्यापासून ते 'नाही'च आहे, सगळे म्हणतात नाही आणि आपापल्या जागेवर जातात. आणि तू, जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले तुला येऊन, मालक शेजारी कॉफी पीत उभे असताना — बरं, ओरडून नाही, चिडून नाही, अगदी थंडपणे, ते तर जास्त लागतं — म्हणालीस, "हो, आहे. पेशंटला गोळी दोनदा जाऊ शकते." कॉफी सांडली त्यांच्या शर्टावर. आपण त्यांना मालक म्हणतो, पण कंपनी त्यांची नाही, काम आधी कुठलं आणि नंतर कुठलं एवढंच ते ठरवतात, आणि हॉस्पिटलला तोंड तेच देतात. आता काय तोंड देणार?

आणि तुला ही कामाची पद्धत, हे स्क्रम, कळत नाही असंही नाही. कळतं. नको तेवढं कळतं, तीच तर गोची आहे. पहिल्याच प्लॅनिंगला माझ्या लक्षात आलं — काम किती मोठं ते पत्त्यावर लिहिलेल्या आकड्यानं सांगायचं, पत्ते पालथे ठेवायचे, एकदम उलटायचे — सगळ्यांचा तीन आणि बाईसाहेबांचा तेरा. मग नियम काय, ज्याचा आकडा वेगळा त्यानं कारण सांगायचं. आहे नियम, मी कुठे नाही म्हणतेय. पण नियम आहे म्हणून खरोखर सांगत बसायचं? इथे लोक दुसऱ्याची भुवई बघून पत्ता निवडतात, म्हणून तर पाच मिनिटांत एकमत होतं आणि सगळे जेवायला वेळेवर जातात.

तुला काय वाटतं, मला कळत नाही? पाळी बदलताना दोन सिस्टर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच पेशंटचं पान उघडतात. पहिली 'गोळी दिली' अशी खूण करते. दुसरी तेवढ्यात तापाचा आकडा भरते, सेव्ह करते — आणि तिच्या सेव्हखाली पहिलीची खूण पुसली जाते. पडदा म्हणतो, गोळी बाकी. मग कुणीतरी येतं आणि पुन्हा देतं. कळलं की नाही मला? तुझ्या आधीपासून कळलंय. म्हणून तर मी त्या कार्डाचे दोन तुकडे केले — 'औषधाची नोंद' हे एक, ते झालं, 'झालं'च्या रकान्यात गेलं — आणि 'दोघींनी एकदम नोंद केली तर' हे दुसरं, ते पुढच्या स्प्रिंटला, कामाच्या पुढच्या फेरीला. मग त्याच्या पुढच्या. मग त्याच्या. असंच करतात गं सगळीकडे, मी काही जगावेगळं नाही केलं. हत्ती गेला, शेपूट राहिलं, आता शेपटासाठी अख्खा डेमो अडवायचा का? भिंतीवरचा उरलेल्या कामाचा आलेख बघ. दर स्प्रिंटला कसा शून्यावर उतरतो, वरचे लोक येऊन त्याचा फोटो काढून नेतात. शेपूट त्यात दिसत नाही. दिसू नये म्हणूनच वेगळं काढलं.

तर आता ऐक, नीट ऐक. आज दुपारी डेमो आहे. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई येणार, मान हलवणार, आणि सोमवारपासून आत्ता एका वॉर्डात चाललंय ते सगळ्या वॉर्डांत चालू. त्यांनी मान हलवली नाही, तर ही टीम मोडली. चौदा माणसं. आणि बोट कुणाकडे दाखवणार? माझ्याकडे. स्क्रम मास्टर म्हणजे साहेब नव्हे, अडथळे दूर करणारी सेविका, असं शिकवतात तुम्हाला कोर्समध्ये, ना? बरोबर शिकवतात. मग मी आत्ता काय करतेय? अडथळाच दूर करतेय. तू आज बोलायचं नाहीस. मेट्रनबाईंनी विचारलं तर 'पुढच्या स्प्रिंटला येतंय' — बस, एवढंच, आणि हसून. खोटं आहे का ते? कार्ड आहे की बाकी कामांच्या यादीत, बॅकलॉगमध्ये, जाऊन बघ, तळाला आहे पण आहे.

अशी माझ्याकडे बघू नकोस, मी काय माणसं मारायला निघालेय? धोका, धोका लावलंयस नुसतं. ऐकायचंय? हे आत्ता चालू आहे ना, त्याच वॉर्डात माझे बाबा आहेत. खिडकीकडची खाट. हृदयाची गोळी चालू आहे त्यांना, ती दोनदा गेली तर नाडी इतकी खाली येते की — ते असू दे. धोका असता तर मी माझ्या सख्ख्या बापाला तिथे ठेवलं असतं? सांग ना. नसतं ठेवलं. शिवाय दादा असतोच. माझा भाऊ — चष्म्याचं दुकान आहे त्याचं, पण पाळी बदलायच्या वेळेला तो शटर ओढून तिथे हजर, मीच बजावलंय त्याला — चहाला आधी जा, नंतर जा, पण सिस्टर बदलतात तेव्हा खाट सोडायची नाही. कुणी गोळी घेऊन आलं की पडद्यावर काय दिसतं ते ऐकूनच घ्यायचं नाही, सरळ सांगायचं, दिलीय, माझ्यासमोर दिलीय. आणि परवा बरं झालं तो होता म्हणून. पाणीसुद्धा ओतलं होतं सिस्टरनं, गोळी बाबांच्या तळहातावर, दादानं मनगटच धरलं त्यांचं —

काय?

तसं नाही ते. घरची खबरदारी आहे, कुणीही घेतं, म्हातारं माणूस म्हटल्यावर. आणि बाकीच्या खाटांजवळ कोण बसतं, असं विचारतेयस का? नाही, तू काहीच विचारलं नाहीस. समोरच्या खाटेवर एक मास्तर आहेत. निवृत्त. बाबांना पेपर वाचून दाखवतात मोठ्यानं, चुकीच्या बातम्यांवर चिडतात. त्यांच्याकडे कुणी येत नाही. दादा ठेवतो लक्ष, जमेल तसं, पण त्याला काय कळणार त्यांची कुठली गोळी कधी झाली — आणि मी तरी किती खाटांना पुरणार? मला भीती वाटते गं, रोज संध्याकाळी फोन वाजला की दादाचा तर नाही ना, तेच आधी बघते. पण म्हणून काय करू? चौदा माणसं आहेत.

पुरे. मी कशाला तुला सांगत बसलेय. तू डेमोला येऊ नकोस, तुझी खुर्चीच ठेवणार नाही मी आत. कारण मी सांगेन काहीतरी. जा आता. ऊठ म्हटलं ना — बोर्डाकडे काय बघतेस, तिथे काही नाही. आणि मेट्रनबाई जिन्यात भेटल्याच तुला, तर — तर काय सांगायचं ते सांग. फक्त दादाचं सांगू नकोस.