सरांच्या चुका

बसच्या रांगेत माझ्या पुढे चिमीची आई उभी होती. तिथेच तिला चिमीचे शिकवणीचे सर भेटले.

"चिमीची शिकवणी का बंद केलीत, ताई?"

"स्पष्टच सांगते, सर. रोज घरी येऊन नाचायची, 'आज सरांची चूक पकडली!' आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"अहो, मी मुद्दाम चुकायचो. आधी ती तोंडच उघडत नव्हती. चूक दिसली, की मात्र बोलायची."

"मुद्दाम? मग मला सांगायचंत ना!"

"तुम्ही तिला सांगितलं असतं. पाठवाल परत?"

"आता कसं? ह्यांनी मोठ्या क्लासला घातलंय. तिथले सर कधीच चुकत नाहीत."

"आणि चिमी?"

"अगदी शहाण्यासारखी बसते. आता घरीसुद्धा तिचा आवाज नसतो."