आधी सही, मग तपासणी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या कंपनीचे संचालक साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले ज्येष्ठ वकील महाशय. वैमानिक प्रशिक्षण शाळेच्या प्राचार्या. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती कॅप्टन बाई. पहिल्या रांगेत बसलेले आमचे थोरले कॅप्टन. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे हँगरमधले सहकारी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला चार मिनिटं दिली आहेत. विषयही दिला आहे: 'कॅप्टन बाईंचा वक्तशीरपणा'. इतकंच काय, भाषणही कार्यालयातून टाइप होऊन आलं. ते माझ्या खिशात आहे. भाषा सुरेख आहे. पण माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं मी स्वतः शिकलो, विमानाचं जाडजूड पुस्तक मांडीवर आणि शब्दकोश त्याच्याही वर ठेवून. त्यामुळे दुसऱ्यानं लिहिलेला कागद हातात आला की आधी खाली सही कुणाची ते पाहायची मला खोड आहे. या भाषणाखाली सही नाही. तेव्हा मी माझंच बोलतो.

बाई आमच्याकडे आल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. आठवड्यातले चार दिवस विमान, दोन दिवस न्यायालय. दोन्हीकडची लेखी परवानगी, तीही शिक्क्यासकट. वैमानिक, आणि वर फौजदारी खटले लढवणारी वकील! हँगरमध्ये काय चर्चा झाली असेल? आमचा रंगारी म्हणाला, "एक पाय ढगात, एक पाय कोर्टात, आणि मधे आपण." सगळे हसले. मी हसलो नाही. मी एक नवी वही आणली.

लपवून काय उपयोग? मला बाईंचा संशय होता. उड्डाणाआधी प्रत्येक वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, "सगळं ठीक ना, फोरमन?" मी म्हणतो, ठीक. संपलं. बाई विचारायच्या, "ठीक आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?" आता सांगा, सकाळी सहा वाजता, हाताला ग्रीस लागलेलं असताना, हा काय प्रश्न झाला? ही तर उलटतपासणी! मी प्रत्येक प्रश्न तारखेनिशी वहीत उतरवत गेलो. एकदा वैमानिकाच्या आसनाखाली वकील गळ्याला लावतात तो पांढरा बँड सापडला. मी त्याची 'विमानात आढळलेली परकी वस्तू' अशी रीतसर नोंद करून तो कार्यालयात जमा केला. बाई आल्या, बँड घेतला आणि माझ्याकडे नोंदीची प्रत मागितली. संशय वाढणार नाही तर काय होईल?

घरी म्हणालो, "ही बाई आपल्या सगळ्यांवर खटला घालायच्या तयारीत आहे." बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आरशातल्या माणसालासुद्धा ओळखपत्र मागाल." संचालक साहेब, आपल्याला स्मरत असेल, मी आपल्याकडेही आलो होतो. आपण म्हणालात, "लक्ष ठेव." ठेवलं.

मग दोन वर्षांपूर्वी तो प्रसंग घडला. थोरले कॅप्टन विमान उतरवत असताना पुढचं चाक दुमडलं, विमान नाकावर घसरत गेलं आणि एका प्रवाशाचा हात मोडला. खटला झाला: कॅप्टननी विमान आपटलं. निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस आरोपी झाला. कंपनीनं आपली बाजू स्वच्छ असल्याचे कागद सादर केले. त्यांत त्याच दिवशी, त्या उड्डाणाआधी, पुढच्या चाकाच्या बोल्टची तपासणी केल्याची नोंद होती. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. सही माझी. मी साक्षीदार, आणि थोरल्या कॅप्टनांचं वकीलपत्र घेतलेलं बाईंनी.

साक्षीच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, बाई काळ्या कोटात हँगरमध्ये आल्या.

"फोरमन, मी वकीलपत्र सोडलं."

"का? हरणार असं दिसलं?"

"मला साक्ष द्यायची आहे. ज्या खटल्यात साक्ष द्यायची, त्यात वकील राहता येत नाही. तुमची सही अकरा दहाची आहे. त्या वेळी ते विमान हवेत होतं आणि मी चालवत होते. अकरा पस्तीसला उतरले."

"मग हे मला कशाला सांगताय?"

"कोर्टात एकदम ऐकून तुम्ही गडबडून जाऊ नये म्हणून."

वकील महाशय, आपण सांगा, हुकमाचा एक्का आधी दाखवून मग कुणी खेळतं का? मी तीन दिवस त्यातला डाव शोधत होतो. इंजीन उघडावं तसं त्यांचं एकेक वाक्य उघडून पुसून पाहिलं. डाव सापडला नाही. सापडली ती माझी सही.

आमच्या हँगरमध्ये एक पद्धत होती. विमान परत येतंय असा रेडिओवर निरोप आला की ते उतरायच्या आत कागद भरून, वेळ घालून, सही करून ठेवायची, म्हणजे पुढच्या उड्डाणाला उशीर होत नाही. आधी सही, मग तपासणी. त्या दिवशी सही झाली आणि दुसऱ्या विमानाचा इंधनपंप बिघडला म्हणून मला तिकडे बोलावलं. तपासणी राहिली ती राहिलीच. बावीस वर्षं मिनिटामिनिटाची नोंद ठेवली याचा मला केवढा तोरा! मिनिट अचूक होतं. कामच झालं नव्हतं.

माझी साक्ष बाईंच्या आधी होती. मी सांगून टाकलं. थोरले कॅप्टन निर्दोष सुटले, कंपनीचे कागद खोटे ठरले. माझा सहीचा अधिकार वर्षभर काढून घेतला, आणि ते योग्यच झालं. बाहेर बाईंनी चहा मागवला. मी कप हातात घेऊन विचारलं, "आता खरं सांगा, यात काय डाव आहे?" त्या म्हणाल्या, "साखर जास्त आहे, एवढाच."

साहेब, घड्याळ पाहू नका, आता मुद्द्यावरच येतो. त्या निकालानंतर मी एक गोष्ट उतरवत आलो आहे. उड्डाणांचा फलक सर्वांसमोर लागलेला असतो, त्यामुळे यात चोरी नाही. आधी बाईंना महिन्याला तीस-पस्तीस उड्डाणं असायची. गेल्या सहा महिन्यांतली सांगतो: नऊ, सहा, तीन, एक, शून्य, शून्य. आणि मंगळवारी सूचना लागली की बाई स्वखुशीनं कंपनी सोडत आहेत. स्वखुशीनं! मी आस्थापनेच्या कारकुनाला विचारलं, "राजीनामा आला का?" तो भला माणूस म्हणाला, "नाही अजून. निरोप समारंभ झाला की सही होईल. फाइल व्यासपीठावरच ठेवायला सांगितली आहे." ती बघा, फुलांच्या मागे, निळी. मी आल्यापासून तिच्यावर नजर ठेवून आहे.

आधी निरोप, मग राजीनामा. साहेब, घडायच्या आधीच नोंद करून ठेवण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. तिचा वास मला लांबूनही येतो.

बाई सही करतीलही. का नाही करणार? हे सहा महिने हँगरमधला एकही माणूस त्यांच्याशी धड बोललेला नाही. नोकरीची भीती कुणाला नसते? मीही मान खाली घालून बोल्ट पुसत बसायचो. त्यांना वाटत असेल, आपण इथे कुणालाच नकोत. जी बाई दुसऱ्यासाठी साक्षीला उभी राहिली, तिच्यासाठी उभं राहायला आमच्यात कुणी नव्हतं. याची लाज वाटते, आणि ती माइकवरून सांगताना जास्तच वाटते.

म्हणून बाई, एकच प्रश्न विचारतो. हो किंवा नाही, एवढंच सांगा. तुम्हाला ही नोकरी सोडायची आहे का?

घ्या, वेळ घ्या.

काय म्हणालात? मागच्यांना ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं.

'नाही' म्हणाल्या.

सभागृहात एकशे बारा खुर्च्या आहेत, त्यांतल्या सहा रिकाम्या. भिंतीशी उभे अकरा. व्यासपीठावर बाईंना सोडून तिघे, आणि मी. एकशे एकवीस माणसांनी हे उत्तर आपल्या कानांनी ऐकलं आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. उद्या कुठे विचारणा झाली तर पहिलं नाव माझं घाला.

संचालक साहेबांनी हे सभागृह, ही फुलं आणि मुख्य म्हणजे हा माइक दिला, त्याबद्दल त्यांचा मी मनापासून आभारी आहे. वेळेची मर्यादा मोडली, बोलण्यात कमीजास्त झालं, ते कमी शिकलेल्या माणसाचं म्हणून पोटात घाला; खरं वाटलं तेवढं मात्र घालू नका. निरोप मी दिलेला नाही, अशी नोंद घ्यावी.