मुलींच्या फुटबॉलची पाच ते सहाची वेळ

आजच्या समारंभाचे आणि आपल्या उदय फुटबॉल मंडळाचेही अध्यक्ष माननीय शिवकुमार अण्णा, प्रमुख पाहुणे आणि हायस्कूलचे निवृत्त क्रीडाशिक्षक गुरुशांत सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते मंडळाचे संस्थापक आदरणीय कुंडलिक आप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे आजी-माजी खेळाडू, गावकरी बंधू-भगिनी, आणि मागे दाराजवळ उभ्या असलेल्या माझ्या संघातल्या मुलींनो! पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, येऊन बसा. मुलींच्या संघाची कर्णधार म्हणून मी, अंकिता, तुम्हा सर्वांना नमस्कार करते.

मंडळाचा इतिहास थोडक्यात सांगायचा आणि आप्पांबद्दल चार शब्द बोलायचे, असं मला सांगितलं आहे. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, त्यामुळे भाषण कुणाला दाखवावं हा प्रश्न होता. शेवटी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खरं हाय तेवढंच बोल. पण हळू बोल." हळू बोलण्याचा प्रयत्न करते.

इतिहास लिहायचा तर आधी स्थापनेचं साल हवं. आप्पांना आठवेना. म्हणून मी आपले पहिले गोलकीपर धोंडप्पा आजोबांकडे गेले. ते म्हणाले, "टँकर आल्तं बघ, त्याच साली."

मी विचारलं, "कुठल्या साली, आजोबा?"

"आता काय सांगू बाई, दरसालच येतंय की!"

हसा, पण मला तीन आठवडे लागले. आप्पा सोलापुरात गॅरेजात कामाला होते, तिथून एक जुना, शिवण उसवलेला फुटबॉल घेऊन गावात आले, ते १९८७ साल. माझी खात्री आहे, पण कुणाकडे पुरावा असेल तर जरूर सांगा.

त्या वेळी गावात नियम कुणालाच माहीत नव्हते. मैदानाच्या पश्चिमेला तेव्हा दाट बाभळी होत्या. चेंडू बाहेर गेला की काट्यांत जायचा आणि आणायला कुणी धजत नसे. म्हणून आप्पांनी नियम केला, काट्यांतून जो चेंडू आणील त्यानंच तो आत फेकायचा. चार वर्षं आपलं मंडळ असंच खेळलं आणि जगभर असंच खेळतात असं समजत राहिलं. मग टेंभुर्णीला पहिला बाहेरचा सामना झाला. आपल्याच पायाला लागून चेंडू बाहेर गेला, तरी आपलाच खेळाडू धावत जाऊन आणायचा, फेकायचा आणि पंच शिट्टी वाजवायचे. सात वेळा शिट्टी झाल्यावर धोंडप्पा आजोबा गोल मोकळा सोडून पंचांकडे चालत गेले. म्हणाले, "साहेब, चेंडू आणला कुणी? मग टाकणार कोण?" ते बोलत असतानाच तिकडे गोल झाला.

सामना आपण हरलो. नियम चुकीचा होता, हे मान्य. पण त्यामागचा विचार चुकीचा होता का? ज्यानं कष्ट केले, त्याला खेळायचा हक्क, एवढंच आप्पांना म्हणायचं होतं. आपली दगड वेचण्याची पद्धतही त्यातूनच आली. दर पावसाळ्यानंतर आपल्या मैदानाच्या मुरमातून दगड वर येतात. ज्याला खेळायचं आहे त्यानं दिवाळीच्या सुटीत घमेलं घेऊन यायचं. मैदानाच्या कडेला कमरेएवढा बांध आहे ना, तो कुठल्या योजनेतून झालेला नाही. तो अडतीस वर्षांच्या खेळाडूंनी वेचलेल्या दगडांचा आहे.

आता अलीकडचा इतिहास. २०१९ मध्ये मंडळाकडे अकरा खेळाडू उरले नव्हते. काही मुलं पुण्याला गेली, काही क्रिकेटकडे वळली. तेव्हा आप्पा शाळेत आले आणि मुलींना विचारलं, "दगुड वेचताल का?" आम्ही आठ जणी गेलो. गावात काय काय बोललं गेलं ते इथे सांगत नाही. आप्पांनी आम्हाला रोज संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ दिली. लेखी नाही, तोंडी. गेल्या वर्षी आपण जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत गेलो, तेव्हा ज्या मंडळाचं नाव पुकारलं गेलं ते याच एका तासावर उभं होतं.

गेल्या सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर आपल्या मंडळाच्या समितीची नोटीस लागली. मैदान रोज पाच ते साडेसहा टेनिस बॉल क्रिकेटच्या सरावासाठी. मुलींचा फुटबॉल त्यानंतर, सोयीनुसार.

मी ती तीन वेळा वाचली, वाचण्यात माझी काही चूक होतेय का म्हणून. सभागृहाला एक विचारू का? फुटबॉल मंडळाच्या मैदानावर फुटबॉल सोयीनुसार? या दिवसांत साडेसहाला अंधार असतो. आमची गोलकीपर काव्या वस्तीवरून दोन किलोमीटर चालत येते. तिची आई म्हणाली, "अंधाराची न्हाय पाठवायची." तिचं काय चुकलं? आणखी पाच घरांतून हेच उत्तर आलं. बारांतून सहा गेल्या तर संघ उरत नाही. या दिवाळीत दगड वेचायला आम्ही बारा जणी होतो. आठ दिवस वेचले. क्रिकेटवाल्यांपैकी एकही जण आला नव्हता.

मी अण्णांकडे तीनदा गेले. पहिल्यांदा "बघू की" म्हणाले. दुसऱ्यांदा "पोरं ऐकत न्हाईत गं" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "समारंभ होऊ दे, आप्पांच्या निरोपात कशाला इषय काढतीस?" अण्णा, तुमचा मान राखून सांगते, मी घरी जाऊन यावर खूप विचार केला. उद्या आप्पा गुडघ्यांच्या दुखण्यामुळे टेंभुर्णीला लेकीकडे राहायला जाणार. मग कुठल्या दिवशी काढू?

काल आप्पांनाच म्हटलं, जाताना तुम्हीच समितीला सांगा. ते म्हणाले, "मी सांगितलं तर ती आप्पाची वेळ व्हती म्हणतील. मी गेलो की वेळबी जाईल. तुमी सांगा, म्हंजे तुमची हुईल."

माझ्या हातातल्या कागदावर समितीनं शेवटचं वाक्य लिहून दिलं आहे: "आप्पांचे कार्य आम्ही अखंड चालू ठेवू." आप्पा, हे वाक्य मला आज वाचता येणार नाही. जे होईलच याची खात्री नाही, ते तुमच्या तोंडावर कसं म्हणू? रोज फक्की मारून सरळ रेषा आखणाऱ्या माणसाला इतकं ढोबळ बोललेलं आवडणार नाही.

अण्णा, माझ्यानंतर तुमचं अध्यक्षीय भाषण आहे. त्यात वेळ सांगा. 'हो' असेल तर 'हो', 'नाही' असेल तर 'नाही', पण आप्पांच्या समोर सांगा. 'बघू' नको.

बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाची आभारी आहे. तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मध्ये कुणी उठून गेलं नाही, त्याबद्दलही आभार. मोठ्यांची नावं मागेपुढे झाली असतील, सालात चूक असेल, आवाज चढला असेल, तर लहान समजून माफ करा आणि मला सांगा, मी दुरुस्त करीन. पाच ते सहा मात्र मी चुकून म्हटलेलं नाही.