चार बोटं उंच

(नव्या जहाजाचा मागचा डेक. हेलिकॉप्टर निम्मं हँगरच्या आत, निम्मं बाहेर. खलाशांचा म्होरक्या तांडेल ते आत ढकलून घेतोय.)

तांडेल : थांबा, थांबा. आता ढकलू नका. जावईबापूंचं डोकं लागलं.

वैमानिक : माझं नाही, हेलिकॉप्टरचं. आणि तांडेलकाका, सगळ्या पोरांसमोर जावईबापू म्हणू नका हो.

तांडेल : का बरं? आमच्या जहाजाच्या अभियंता बाई तुमच्या घरात दिल्यात. मग हवाईदल आमचा जावईच झालं. आणि पहिल्याच भेटीत जावयाचं डोकं आपटलं, म्हणजे आमचीच शोभा झाली.

अभियंता : काका, शोभा नंतर. किती राहिलं ते सांगा.

तांडेल : चार बोटं. दार पार झालंय, पण आत छताला तो पाण्याचा पाइप आहे ना, त्याला वरचा गोळा अडतोय.

अभियंता : चारच बोटं? मग जरा तिरकं घेऊन बघा.

वैमानिक : कपाट आहे का ते तिरकं घ्यायला? वरचा गोळा दुखावला तर पाती फिरायची नाहीत. आणि नवा गोळा ज्या देशातून येतो, तिथल्या माणसाला साधं ‘लवकर पाठवा’ समजवायला आम्हाला महिना लागतो.

अभियंता : मग इतकं उंच घेतलंत कशाला? हँगर आम्ही तुमच्याच खात्याने पाठवलेल्या मापावर बांधून घेतला.

वैमानिक : ते माप जुन्या हेलिकॉप्टरचं होतं.

अभियंता : आणि नव्याचं कोण पाठवणार होतं?

वैमानिक : तुम्ही मागायला हवं होतं.

अभियंता : तुम्ही द्यायला हवं होतं.

तांडेल : जहाज एका देशातून आणलं, हेलिकॉप्टर दुसऱ्या, रडार तिसऱ्या. तिघांची तोंडं आज पहिल्यांदा एकमेकांना दिसतायत. थोडी धुसफूस व्हायचीच. जुन्या जहाजावर हा ताप नव्हता. हेलिकॉप्टरच नव्हतं, मग मावायचा प्रश्न कुठला?

अभियंता : जुन्या जहाजावर धड रडार तरी होतं का काका? पाणपक्षी आणि परकं जहाज त्याला सारखंच दिसायचं.

तांडेल : खोटारडं होतं, पण गुणी होतं. एकदा त्याच्या सांगण्यावरून आम्ही पाणपक्ष्यांच्या थव्याला भोंग्यावरून दोनदा ताकीद दिली. शेवटी उडून गेले बिचारे. नौदलाने हद्द राखली.

वैमानिक : हसू नका. आमच्या जुन्या हेलिकॉप्टरचं दार मी दोरीने बांधून उडवलंय.

तांडेल : दोरी आमच्याकडचीच असणार. हवाईदलात इतकी चांगली दोरी मिळत नाही.

अभियंता : झालं तुमचं? उद्या सकाळी जहाज निघतंय. वादळाचे दिवस तोंडावर आलेत आणि लांबच्या बेटांकडे मासेमारीच्या होड्या अजून बाहेर आहेत. हे आत गेलं नाही तर आम्हाला हेलिकॉप्टर सोडून जावं लागेल.

वैमानिक : डेकवरच बांधून नेलं तर?

अभियंता : वादळात? पहिल्याच लाटेला तुझं हेलिकॉप्टर पोहायला शिकेल.

वैमानिक : म्हणजे तू जाणार, आणि मी इथेच.

अभियंता : हो. दर वेळेसारखं.

वैमानिक : लग्नानंतर पहिल्यांदा एका मोहिमेवर नाव लागलं होतं आपलं. मला वाटलं होतं, समुद्रावर तरी बायको दोन दिवस सलग दिसेल.

तांडेल : आणि होडीतून कोणी पाण्यात पडलं तर पुन्हा मीच दोरी टाकायची. आजवर तेच केलं. ज्याच्या हाताला लागली तो घरी गेला.

वैमानिक : आणि नाही लागली तर?

तांडेल : त्यांच्यासाठीच तर सरकारने हे आणलं ना, जावईबापू.

अभियंता : थांबा, इंटरकॉम वाजतोय. हो, कप्तानसाहेब… नाही, पूर्ण नाही… निम्मं आत आहे… कोणतं निम्मं? शेपटी, साहेब… हो, नुसत्या शेपटीने उडता येत नाही, कळतंय मला… तासाभरात सांगते… नाही तर परत पाठवून देऊ तळावर, हो… कारण? कारण शोधतेय, साहेब. एक तर माझ्या शेजारीच उभं आहे.

वैमानिक : आणि दुसरं?

अभियंता : दुसरं फोनवर बोलत होतं. साहेबांना सगळं एका दमात सांगायचं नसतं.

वैमानिक : म्हणजे? हा पाइप मूळ नकाशात होता का?

अभियंता : नव्हता.

वैमानिक : मग कोणी घातला?

अभियंता : मी. जहाज बांधणाऱ्यांशी भांडून घालून घेतला. आणि तू मला शहाणपण शिकवू नकोस. या हेलिकॉप्टरचं चित्र मी पाहिलंय. त्यात चाकांचे पाय इतके लांब नव्हते.

वैमानिक : ते निवड समितीने वेगळे मागवले.

अभियंता : समितीत कोण होतं?

वैमानिक : होते बरेच जण.

अभियंता : पायांचं कोणी मागितलं?

वैमानिक : मी.

तांडेल : घ्या. आम्ही गावभर चोर शोधतोय आणि दोघंही एकाच घरात राहतात. अहो, जेवताना तरी एकमेकांना विचारायचं. मीठ दे, भाजी दे, उंची किती?

वैमानिक : घरी खात्याचं बोलायचं नाही असा नियम आहे आमचा. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून.

तांडेल : गुप्ततेसाठी?

वैमानिक : शांततेसाठी. हवाईदल मोठं की नौदल, यावरून हिने अबोला धरला होता.

अभियंता : तू काय म्हणाला होतास तेही सांग की काकांना.

वैमानिक : काही नाही. जहाज म्हणजे सावकाश चालणारी धावपट्टी, एवढंच.

तांडेल : मग डोकं आपटलं ते बरंच झालं.

वैमानिक : हे बघ, वाद नको. पाइप कापून टाक, सुटला प्रश्न.

अभियंता : पाइप कापायचा नाही.

वैमानिक : अगं, भिंतीला आग विझवायच्या नळ्या आहेत, बाटल्या आहेत. छताला आणखी पाइप हवाय कशाला?

अभियंता : बाटली चालवायला माणूस पोहोचावा लागतो. हा पाइप धग लागली की आपोआप सुरू होतो. हेलिकॉप्टर पेटलं तर वरून पाण्याचा मारा.

वैमानिक : हेलिकॉप्टर पेटेल कशाला?

अभियंता : पेटलं होतं ना. गेल्या वर्षी, बंदराच्या मैदानात.

वैमानिक : ते पेटलं नव्हतं. इंजिन जरा गरम झालं होतं. तुला सांगितलं होतं मी.

अभियंता : हो. घरी येऊन, हात धुता धुता. ‘विशेष काही नाही, इंजिन जरा गरम झालं होतं.’ मी त्या दिवशी जुन्या जहाजाच्या डेकवर होते. मला धूर दिसत होता आणि त्यातून तू बाहेर येताना दिसत नव्हतास. फार घाबरले होते मी.

वैमानिक : कधी बोलली नाहीस.

अभियंता : घरी खात्याचं बोलायचं नाही ना. मग दुसऱ्या आठवड्यात जाऊन हा पाइप घालून घेतला.

तांडेल : मी जरा पुढच्या डेकवर जाऊन येतो.

अभियंता : कुठे निघालात काका? हेलिकॉप्टर तुमच्या माणसांनी धरलंय.

तांडेल : बरं. मग इथेच उभा राहतो. मला तसंही एका कानाने कमीच ऐकू येतं.

अभियंता : आता तू सांग. लांब पाय कशासाठी?

वैमानिक : उंची असली की डेकवर काम करणं सोयीचं जातं.

अभियंता : खरं सांग.

वैमानिक : खरं सांगू? बंदराच्या मैदानात जुन्या हेलिकॉप्टरची पाती वाऱ्याने खाली लवायची. खालून जाणारा प्रत्येक जण कमरेत वाकून जायचा. एकटी तू वाकायची नाहीस. मला वरून दिसायचं ना. पाती गरगरतायत, आणि आमच्या बाईसाहेब ताठ मानेने चालल्यात. जणू पातीच बाजूला होऊन वाट देणार.

अभियंता : वाकते मी.

तांडेल : नाही वाकत. मी दोन वेळा घसा फोडून ओरडलोय.

अभियंता : तुम्हाला कमी ऐकू येतं ना?

तांडेल : दिसतं चांगलं.

वैमानिक : तू घरात कधी वाकली नाहीस, डेकवर काय वाकणार? समितीत विचारलं, एवढे उंच पाय कशाला? काय सांगू, बायको वाकत नाही? मी म्हटलं, आपल्या नौदलातली माणसं उंच असतात.

तांडेल : आणि विश्वास ठेवला त्यांनी? मला समोर उभं केलं असतं तर तुमची अर्धी समिती खुर्चीवरून पडली असती.

अभियंता : म्हणजे ही चार बोटं माझ्यापायी.

वैमानिक : आणि पाइप माझ्यापायी.

तांडेल : सरकारने एवढा घाट घातला, दोन दलांना नवी साधनं आणून दिली, आणि मध्ये तुमचा संसार आडवा आला.

वैमानिक : ठीक आहे. पाइप राहू दे. मी पाय बदलून आखूड घेतो.

अभियंता : ते येईपर्यंत वादळाचे दिवस संपतील. शिवाय मी वाकत नाही हे खरं आहे. पाय राहू देत. मी पाइप कापते.

वैमानिक : त्या पाइपला हात लावायचा नाही.

अभियंता : जहाज माझं आहे.

वैमानिक : आणि आत जळणारा मी आहे.

अभियंता : असलं अभद्र बोलू नकोस.

तांडेल : मघाशी ‘तुझं काप’ म्हणून भांडत होता, आता ‘माझं काप’ म्हणून भांडताय. हेलिकॉप्टर अजून दारातच आहे.

अभियंता : एक मिनिट. उतरताना हे पाय दबतात ना?

वैमानिक : दबणारच. आत कोंडलेली हवा असते. मोटरसायकलच्या शॉकसारखं समज.

अभियंता : ती सोडली तर?

वैमानिक : खाली बसेल. दुरुस्तीला घेतलं की आम्ही सोडतो कधी कधी.

अभियंता : किती बसेल?

वैमानिक : अर्धी वीत तरी… अगं, हे आधी का नाही सुचलं?

अभियंता : आधी आपण भांडत होतो. सोड हवा.

वैमानिक : इथे? चारचौघांत, नौदलाच्या डेकवर, हवाईदलाची हवा काढायची?

तांडेल : आमच्या तीन पिढ्यांचं स्वप्न आहे ते, जावईबापू. नाही म्हणू नका.

वैमानिक : पण बाहेर काढताना काय? तिकडे माणूस गटांगळ्या खातोय आणि मी इकडे हवा भरत बसू?

अभियंता : आत असताना पाती दुमडलेली असतात. ती उलगडायला वेळ लागतोच की नाही? तेवढ्यात पाय भरायचे. यंत्रखान्यात कोरडी दाबाची हवा आहे, तिची नळी इथवर ओढून घेते. काका, नळी आणायला सांगा. त्यांचे लोक पाती उलगडतील, आपले लोक पाय भरतील. दोन्ही कामं एकदम.

वैमानिक : जमलं तर बरं. पाय भरायला उशीर झाला तर मीच कप्तानांना सांगेन, नको म्हणून. पाण्यातल्या माणसाला आपल्या हौसेची शिक्षा नको.

अभियंता : मान्य. सोड.

तांडेल : बसतंय. बसतंय. अगदी अदबीने बसतंय. हं, आता ढकला, सावकाश. पाइप आला… डोकं आलं… गेलं. खालून गेलं. आत आलं सगळं.

अभियंता : आता बाहेर काढा. नळी जोडा. तुम्ही पाती घ्या, तुम्ही पाय घ्या. चला.

तांडेल : अरे, ओढा नीट, लग्नातली खुर्ची उचलल्यासारखं काय करताय? हां. पाय उभे राहतायत बघा. पात्यांचं काय?

वैमानिक : शेवटचं उलगडतंय. पाय?

तांडेल : तुमच्या शेवटच्या पात्याच्या आधीच आमचे झाले. जिंकलो आम्ही.

वैमानिक : शर्यत नव्हती, काका.

तांडेल : हरणारे असंच म्हणतात.

अभियंता : हॅलो, कप्तानसाहेब? आत गेलं… बाहेर काढलं, पुन्हा आत घालतोय… नाही, काहीच कापलं नाही… कारण सापडलं, साहेब. दोन खात्यांनी एकमेकांना विचारलं नाही… हो, एकाच घरात राहतो आम्ही… हसा, साहेब. हक्क आहे तुमचा… हो, इथून पुढे विचारत जाऊ… हो, सकाळी निघायचं. हेलिकॉप्टरसकट… वैमानिकासकट. सांगते त्याला.

वैमानिक : ऐकलं मी. काका, तोंडभर हसताय ते कशाला?

तांडेल : काही नाही. उद्यापासून तुमच्या घरची भांडणं मला फुकट ऐकायला मिळणार. जातो, जावयाची खोली झाडायला सांगतो.

वैमानिक : आईला फोन लावतो. आपली लेक तिच्याजवळ बसून वाट बघत असेल. दर वेळी पहिला प्रश्न तोच, ‘कोण जातंय आणि कोण राहतंय?’

अभियंता : सांग, दोघंही जातोय.

वैमानिक : मला नाही सांगवत. आजवर आपल्यातलं एक कायम घरी असायचं. आईजवळ राहील ती आनंदाने, पण दोघंही वादळात म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होईल, मला दिसतंय.

अभियंता : दे इकडे. आई, मी बोलतेय, तिला द्या जरा… हॅलो, राणी. हो, निघालोय उद्या… हो, बाबापण… अगं, ऐक तर खरं. नाक ओढू नकोस, ऐक. आजपर्यंत बाबा उडायचा तेव्हा आई कुठे असायची? लांब असायची. कोणीतरी सांगेपर्यंत मला काही कळायचं नाही… हो, मलाही भीती वाटायची. खूप… आता तसं नाही. आता तो माझ्या दारातून उडणार आणि माझ्याच दारात उतरणार… हो गं. तो येईपर्यंत मी दारातच उभी असेन.