न मरणारं दुकान

गोरोबा : लिव्हा मग. प्रो. प्रा. गोरोबा किसन नलवडे. पाटी रंगवून टांगली, पावतीबुकं छापून आली, आता नुसतं सरकारला कळवायचं राहिलंय.

दैवशाला : थांबा साहेब. काहीच लिहू नका.

पंचाक्षरी : मी अजून पेनाचे टोपणही काढलेले नाही, ताई.

गोरोबा : तासाभरापासून ह्या सल्लागाराच्या हापिसात बसलोय, ह्यो माणूस टोपण काढंना अन् वैनी, तुमी काढू देईनात. आवं, दुकान अंत्यविधीच्या सामानाचं हाय. त्याला कायद्यानं असं कितीसं नटवायचं?

पंचाक्षरी : दुकान कोणतेही असो, गोरोबा, आधी त्याला देह लागतो. एकल मालकी, भागीदारी, मर्यादित दायित्वाची भागीदारी, नाहीतर कंपनी. तो देह ठरला की मगच बँकेतले खाते, जीएसटी आणि बाकीचे सोपस्कार.

गोरोबा : आमच्याकडं देह गिऱ्हाईकच घिऊन येतंय.

दैवशाला : साहेब, ह्यांच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका. धाकटे दीर माझे. थोरल्याबरोबर मी एकोणीस वर्षं काढली, तेव्हापासून हे असंच ऐकते. तुम्ही पहिल्यापासून सांगा. त्या प्रो. प्रा.पासून.

पंचाक्षरी : ती एकल मालकी. सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त. मालक आणि दुकान यांत कायदा भेद करत नाही. दुकानाचे देणे ते मालकाचे देणे. मालकाचा श्वास तोच दुकानाचा श्वास.

गोरोबा : बघा, किती चांगलं सांगितलं. लिव्हा.

दैवशाला : अन् मालक गेला की?

पंचाक्षरी : त्याच क्षणी दुकानही. शटर उघडे असते, माल मांडलेला असतो, पण कागदाच्या दृष्टीने तिथे कोणी नसते.

दैवशाला : हे मला दोन सालाखाली कुणी सांगितलं न्हाई.

गोरोबा : वैनी, झालं गेलं.

दैवशाला : झालं तुमच्यासाठी. साहेब, आमचं खता-बियाण्याचं दुकान होतं. परवाना ज्ञानोबा किसन नलवडे ह्या नावानं. अकरा वर्षं गल्ल्यावर मी. कोणत्या शिवारात कोणतं वाण चालतंय, कोण उडीद पेरणार, कोण नुसतं विचारून अन् पाणी पिऊन जाणार, सगळं मला तोंडपाठ. मालक गेले ज्येष्ठात. परवान्याचं विचारायला कचेरीत गेले, तर तिथला माणूस म्हणाला, परवानाधारक मयत, तुमचं नाव कुठंय बाई? मी म्हणलं, गल्ल्यावर. तो म्हणाला, कागदावर दाखवा. ऐन पेरणीत शटर ओढलं. अकरा वर्षं गल्ल्यावर, अन् कागदावर एक दिवस न्हाई.

पंचाक्षरी : पुढचा प्रकार सांगतो.

गोरोबा : साहेब, वर बघून सांगा की. कॉम्प्युटरला काय सांगताव, त्येला ठावं हाय.

पंचाक्षरी : सवय आहे. भागीदारी. दोघांनी मिळून करार करायचा. एकाने केलेला व्यवहार दुसऱ्याला बांधून टाकतो. एकाची चूक ती दोघांची चूक.

गोरोबा : लगीनच की.

पंचाक्षरी : आणि भागीदार दोनच असले व त्यांतला एक गेला, तर पेढी तिथेच विसर्जित होते. एकट्याची भागीदारी कायद्याला मान्य नाही.

गोरोबा : म्हणलं ना, लगीनच. साहेब, तुमी अजून एकटेच, तुमाला न्हाय कळायचं. ह्या तुमच्या कागदात एकट्याला काही सोय हाय का न्हाय?

पंचाक्षरी : आहे. एक व्यक्ती कंपनी. पण तिथेही आपल्यामागे कोण, त्या माणसाचे नाव संमतीसह आधी लिहून द्यावे लागते. एकट्याला अगदीच एकटे राहण्याची परवानगी तिथेही नाही.

दैवशाला : भावजी, कशाला छळताव त्यांना.

गोरोबा : छळतोय कुठं, चौकशी करायलोय. बरं, मोठी कंपनी सांगा.

पंचाक्षरी : खाजगी मर्यादित कंपनी. ती स्वतंत्र व्यक्ती असते. तिला जन्मतारीख असते, नाव असते, पत्ता असतो. माणसे येतात, माणसे जातात, ती राहते. तिला मरण नसते.

गोरोबा : मरत न्हाय?

पंचाक्षरी : आपणहून नाही.

गोरोबा : मग ती आपलं गिऱ्हाईक न्हाय. पुढचं सांगा.

दैवशाला : थांबा, मला तेच पायजे. न मरणारं.

पंचाक्षरी : ताई, त्यात लेखापरीक्षक नेमणे बंधनकारक, ठरावीक सभा, त्यांची इतिवृत्ते. सामानाच्या एका दुकानाला ते ओझे होईल. मधला मार्ग आहे. मर्यादित दायित्वाची भागीदारी, जिला सगळे एलएलपी म्हणतात. करार दोघांचा, पण पेढी दोघांहून वेगळी. एक गेला तरी पेढी उरते. उरलेल्याला सहा महिन्यांत दुसरा भागीदार आणावा लागतो.

गोरोबा : सहा महिने? लईच मोकळीक दिली की सरकारनं. आमच्या गल्लीत बायको गेलेल्या बाप्याला तेरावं होऊस्तोवर दम धरवत न्हाय.

दैवशाला : अन् ते मर्यादित काय?

पंचाक्षरी : जबाबदारी. दुकानावर काही आपत्ती आली, तर ती दुकानाच्या मालमत्तेपर्यंत येऊन थांबते. घरापर्यंत, शेतापर्यंत पोचत नाही.

गोरोबा : आमच्यावर कसली आपत्ती येणार? ज्येच्यासाठी माल नेला, त्यानं आजपतुर एक तक्रार केली न्हाय. माल माघारी येत न्हाय, बदलून मागत न्हाईत.

दैवशाला : शवपेटी भाड्यानं देणार तुम्ही, ती गारव्याची. पोरगं पुण्याहून येऊस्तोवर रात्रभर ठेवली अन् मशीन बंद पडलं, मग?

गोरोबा : मग... हां. मग लोक घरापतुर येत्याल.

पंचाक्षरी : करारात व्यवसायाचा उद्देश लिहावा लागतो. या कल्पनेचे मूळ कशात आहे, हे विचारले तर चालेल का?

दैवशाला : माठात.

गोरोबा : वैनी, माठाचं काढू नका.

दैवशाला : का? सरकारनं विचारलंय. साहेब, मालक गेले त्या दिवशी बाजार बंद. भावजी गाडीवर बांबूला एकीकडं, कापडाला दुसरीकडं, मडक्याला थेट बार्शीला. चार तासांनी आले. मडकं आणलं, तर त्याला तोटी.

पंचाक्षरी : तोटी?

गोरोबा : स्टीलची. गार पाण्याचा माठ व्हता त्यो. म्या मडकं म्हणलं, त्यानं बांधून दिलं. म्या बघितलं न्हाय. त्या दिशी म्या काय बघत व्हतो?

दैवशाला : मडक्याला भोक पाडून, धार धरून फिरायचं असतंय ना. आम्हाला मूल न्हाई, मडकं भावजींच्या खांद्यावर. ह्यांनी तोटी सोडली अन् फिरले.

गोरोबा : तीन फेऱ्या. दुसरीला मागून कुणीतरी म्हणलं, जरा बारीक कर, पाणी पुरलं पायजे.

दैवशाला : मला तेराव्याला कळलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा हसले. बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. अन् हसता हसताच मनात आलं, की हे सगळं एका जागी मिळालं पायजे. एक फोन केला की दारात. दुसऱ्या कुणाच्या दिराला बार्शीला जायला लागू नये.

पंचाक्षरी : म्हणजे कल्पना तुमची.

दैवशाला : कल्पना माझी, माल मी भरला, बांबूवाला मी गाठला. अन् पाटी कुणाची ते तुम्ही वाचलंच.

गोरोबा : जागा माझी हाय. टेम्पो माझा हाय. पावतीबुकं बी माझीच हायती. ही घ्या, बघा, कागद कसला हाय.

पंचाक्षरी : कागद उत्तम आहे. खाली काहीतरी छापले आहे. "धन्यवाद, पुन्हा या."

दैवशाला : काय?

गोरोबा : आँ? कुठं?

पंचाक्षरी : इथे. फुलाच्या नक्षीखाली.

दैवशाला : सगळ्या पावत्यांवर?

गोरोबा : छापखान्यात सवयीनं टाकलं आसंल त्यानं. म्या प्रूफ वाचलं न्हाय.

दैवशाला : ह्यांनी तोटी बघितली न्हाई, ह्यांनी प्रूफ वाचलं न्हाई, अन् मालक हेच एकटे.

गोरोबा : आवं, पण खोटं हाय का? येणारच की पुन्हा. एकाच घरातनं, दमादमानं.

दैवशाला : भावजी, हसण्यावारी नेऊ नका. सरळ सांगा. माझं नाव का नको?

गोरोबा : लोक काय म्हणत्याल. दीर अन् भावजय एका कागदावर.

दैवशाला : रेशनच्या कार्डावर होतोच की एका जागी. तेव्हा कुणी तोंड वासलं?

गोरोबा : त्ये येगळं. ह्ये मयताचं दुकान हाय.

दैवशाला : मग मी तिथं नुसती बांबू मोजायला? पुन्हा अकरा वर्षं?

गोरोबा : मोजा की. घरचंच हाय.

दैवशाला : घरचं तेही होतं. ऐका. माझं नाव कागदावर येणार नसंल, तर मी उद्यापासून येणार न्हाई. माहेरी जाईन, येडशीला. भावाच्या रानात भांगलीन. तिथं निदान गवताला माहीत असतंय कुणी उपटलं.

पंचाक्षरी : पाणी घेता का, ताई?

दैवशाला : नको.

गोरोबा : मला द्या.

(गोरोबाचा फोन वाजतो. पाटीवर जो नंबर रंगवला आहे, त्यावर आलेला हा पहिलाच फोन.)

गोरोबा : हॅलो. व्हय, नलवडेच. ... आँ? ... आवाज येईना नीट. ... वैनी, कुणीतरी रडायलंय. नुसतंच रडायलंय. मी काय बोलू?

पंचाक्षरी : कायद्याने दुकान अजून जन्माला आलेले नाही.

दैवशाला : त्यांचं माणूस तोवर थांबलंय का? आणा इकडं. ... हां, बोला. ... रडा. रडून घ्या, मी फोन ठेवत न्हाई. ... बाळा, घरात रडत नसलेलं कोण हाय? त्यांच्याकडं दे फोन. ... हां दादा. कोण गेलं? ... आई. वय? ... लेकी कुठं दिल्यात? ... कुर्डुवाडीच्या गाडीनं येणार, मग चारच्या आत उचलायचं बघू नका, तोंड बघू द्या लेकींना. ... सगळं हाय. बांबू, कापड, गवऱ्या. उंची किती होती आईची? ... अंदाजानं सांगा. दारात उभ्या राहिल्या तर कडी कुठवर यायची? ... बरं. ... मडकंबी हाय. साधं. ... दादा, ल्हान लेकरांना शेजारी नेऊन खायला घाला. त्यांना कुणी विचारत नसतंय आज. आम्ही येतोच.

गोरोबा : कुठं?

दैवशाला : इथंच, सोनारी रोडला. वस्तीवर.

गोरोबा : वैनी, उंची कशाला इचारली?

दैवशाला : तुमच्या दादाला बांबू आखूड पडला होता. पाय बाहेर होते. तुम्ही टॉवेल टाकला वरून.

गोरोबा : तुमी बघितलं?

दैवशाला : दारातच उभी होते. बायांनी धरलं होतं, डोळे कुणी धरले नव्हते.

गोरोबा : ...साहेब, तुमी जरा कॉम्प्युटरकडं बघा.

पंचाक्षरी : बघतो.

गोरोबा : वैनी, लोकांचं म्या उगंच बोललो. लोकांच्या बापाची काय टाप हाय. खरं सांगू का? दादानं पाटीवर नाव घातलं, दादा गेला. त्याच्या आदी आबांचं व्हतं गिरणीवर, आबा गेलं. आमच्या घरात नाव रंगवलं की माणूस जातंय. त्यात ह्ये दुकान असलं. म्हणून म्या माझं घातलं. म्हणलं, कुणी जायचंच झालं तर म्याच जावं. तुमचं नगं.

दैवशाला : अन् तुम्ही गेल्यावर मी पुन्हा त्या कचेरीत?

गोरोबा : तितकं डोक्यात आलं न्हाय. म्या प्रूफ वाचत न्हाय.

दैवशाला : वेडे हाव तुम्ही, भावजी.

गोरोबा : व्हय. साहेब, हिकडं बघा आता. त्ये एलएलपी लिव्हा. दोघांचं.

पंचाक्षरी : दोघांची नावे. आणि पाटीवर?

दैवशाला : पाटीवर कुणाचंच नको. नुसता नंबर ठेवा. गेलेल्याच्या घरी मालकाचं नाव कोण वाचतंय.

गोरोबा : अन् पावतीबुकं?

दैवशाला : मागची बाजू कोरी हाय. उंच्या लिहायला होतील.

पंचाक्षरी : दरवर्षी दोन विवरणपत्रे भरावी लागतील. व्यवसाय झाला नाही, तरीही.

गोरोबा : व्यवसाय न व्हायला काय झालं? लोक मरायचं सोडणार हायती का?

पंचाक्षरी : शेवटचे एक कलम उरते. दोघांपैकी एक गेल्यास उरलेल्याने कोणाला सोबत घ्यावे, ते आजच करारात लिहून ठेवता येते.

गोरोबा : आदी कोण जाणार, त्येबी लिव्हावं लागतंय का?

पंचाक्षरी : नाही. ते कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

दैवशाला : मग टोपण काढा साहेब, अन् माझं नाव नीट लिहा, दैवशाला ज्ञानोबा नलवडे. सहीला आम्ही उद्या येतो. चला भावजी, टेम्पो काढा. अन् निघताना मडकं एकदा हातानं बघून घ्या.