प्रेनाचे पेटुला

थांबा, थांबा, प्रोफेसर— पुन्हा सांगा. 'मोतर' म्हणजे मुळात आई? अहो, मोतर म्हणजे बहीण, अख्ख्या श्कोदर शहरात कुणालाही विचारा! ...फार फार जुन्या काळी आई? आणि थोरली बहीण घरात आईच्या जागी असायची, म्हणून तो शब्द बहिणीला चिकटला, असं तुम्हा विद्वानांना वाटतं? वाटायचंय काय त्यात— मला विचारायचं होतंत! आई गेली तेव्हा आमची प्रेना नऊ महिन्यांची, मी सोळाची. शेळीचं दूध पाजून वाढवलीय तिला.

लिहा, लिहा हे. आणि जाऊन त्या लीजाला वाचून दाखवा— लीजा म्हणजे प्रेनाची सासू. काल प्रेनाला मुलगी झाली. आता बाळंतिणीच्या आईनं पेटुला तळून न्यायचे, ही आमची रीत— मी पहाटे उठून पीठ फेटलं. तर शेजारीण सांगत आली, लीजानं कालच तळले, गल्लीभर वाटलेसुद्धा! 'पोरीला आई नाही ना बिचारीला,' म्हणाली म्हणे. बिचारी! आणि हिचे पेटुला कसे, तर वरून करपलेले, आतून कच्चे. तरी प्रेना तिला आई म्हणते. मी फोनवर असताना, माझ्या कानात— 'आई, जरा पाणी दे गं.' अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या, खोटं कशाला बोलू?

मला? मला नाही म्हणत. ...म्हणायची पूर्वी. घ्या ना तुम्ही, गरम आहेत, मधात बुडवा. चार वर्षांची होईपर्यंत म्हणायची. मग एकदा माझ्यासाठी स्थळ आलं— मध्यस्थ आणि मुलाचे काका. कॉफीचा ट्रे माझ्या हातात, आणि ही कुठूनशी धावत आली, माझ्या झग्याला लोंबकळली— आई, आई! त्या काकांनी माझ्याकडे असं बघितलं... मी ट्रे ठेवला आणि दिली एक थोबाडीत. एवढ्याशा पोरीला. 'आई मेली तुझी! मी मोतर आहे, मोतर म्हणायचं!' रडलीही नाही हो. नुसती झगा सोडून उभी राहिली. तेव्हापासून मोतरच म्हणते, एकदा चुकली नाही. आणि ते काका? कॉफी प्यायले, गेले, ते गेलेच.

...हे नका लिहू. खोडा म्हणते ना! लीजाचं काय चुकलं— पोरगी आई म्हणते, ती ओ देते. मी नाही दिली. आणि आता बसलेय जळत.

काय बघताय माझ्या तोंडाकडे? ठेवा, ती थाळी खाली ठेवा— प्रेनाचे आहेत ते. दुसऱ्यांदा वाटले गेले तर वाटले जातील, गल्ली काही मरत नाही खाऊन. उठा आता, मला दार लावायचंय. नाही, बरोबर यायचं नाही. आणि तिच्याजवळ 'मोतर'चा तो जुना अर्थ काढायचा नाही तुम्ही— तिला काय सांगायचं ते माझं मी सांगीन. निघा.